हजेरी, निरोप आणि उत्तरवही : पालिकेच्या झोनमध्ये अधिकाऱ्याच्या बोलण्याने काम कसं सुधारतं

इंदूरमध्ये घरातला कचरा सहा प्रकारांत वेगळा करून गाडीत द्यावा लागतो: ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, घरगुती सॅनिटरी आणि घरगुती घातक. कागदावर हा नियम एका ओळीत मावतो. गल्लीत तो टिकतो गाडीमागे उभ्या असलेल्या माणसामुळे. मिसळलेला कचरा आला की तो परत करतो, घरमालकाची चिडचिड ऐकून घेतो आणि पुढच्या दारात जातो. त्या क्षणी त्याच्या शेजारी कोणीही अधिकारी नसतो. कचरा तसाच टाकून घेतला तर दोन मिनिटं वाचतात, भांडण टळतं आणि वरपर्यंत काही कळतही नाही. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ मायकेल लिप्स्की यांनी १९८० मध्ये हेच दाखवलं, की नागरिकांच्या वाट्याला येणारं सरकारी धोरण शेवटच्या पायरीवरचा कर्मचारीच ठरवत असतो. म्हणून त्याला काय सांगितलं जातं, कसं सांगितलं जातं आणि तो सांगतो ते कोण ऐकतं, यावर झोनचं काम बरंचसं अवलंबून असतं.

अपेक्षा मात्र माफक ठेवावी. नोकरीतलं समाधान आणि कामाचा दर्जा यांचा संबंध तपासणाऱ्या शेकडो पाहण्यांचा एकत्रित आढावा टिमथी जज आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये घेतला. त्यात सहसंबंध सुमारे ०.३० निघाला (० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध). याचा वर्ग केला तर कामातल्या फरकापैकी साधारण ९ टक्के फरक समाधानाशी जोडता येतो. बाकीचा वाटा साधनं, माणसांची संख्या, प्रशिक्षण, रस्त्याची रुंदी, पाऊस अशा गोष्टींचा. पण यातल्या बहुतेक गोष्टी झोनच्या अधिकाऱ्याच्या हातात नसतात. स्वतःचं बोलणं आणि ऐकणं मात्र उद्या सकाळपासून बदलता येतं.

पुढची पद्धत ५० ते ४०० माणसं सांभाळणाऱ्यांसाठी आहे: झोनल अधिकारी, मुख्य स्वच्छता निरीक्षक, पाणीपुरवठ्याचे उपअभियंता, वसुलीचे प्रमुख. उदाहरणं इंदूरची आहेत. वडोदरा, ग्वाल्हेर किंवा महाराष्ट्रातल्या एखाद्या पालिकेत पदांची नावं बदलतील, पद्धत फारशी बदलणार नाही. सगळं मिळून बारा आठवडे धरा.

पहिले दोन आठवडे : पगार, हजेरी आणि झाडू

संवाद सुधारायचा म्हणून थेट बैठका घ्यायला लागू नका. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये दाखवलं, की पगार, कामाची परिस्थिती, नियम यांतली गैरसोय माणसाला नाराज करते. ती दूर केली की नाराजी जाते, पण तेवढ्याने उत्साह येत नाही. उत्साह येतो कामातून, ओळखीतून आणि जबाबदारीतून. या सिद्धांतावर पुढे पुष्कळ टीका झाली, तरी पालिकेत त्याचा एक भाग रोज दिसतो. पगार थकलेल्या माणसापुढे केलेलं प्रोत्साहनाचं भाषण त्याला अपमान वाटतो, आणि एकदा तसं वाटलं की तो पुढचं काहीच ऐकत नाही.

म्हणून सुरुवातीला एक वही करा आणि झोनमधल्या माणसांची चार गटांत मांडणी करा: स्थायी, विनियमित (रोजंदारीवरून पुढे सामावून घेतलेले), मस्टरकर्मी (हजेरीपटावरचे रोजंदार) आणि ठेकेदारामार्फत आलेले. एकाच गल्लीत एकच काम करणाऱ्या दोघांचा पगार, रजा आणि नोकरीची हमी वेगळी असते. समाधानाची सरासरी काढणारे अहवाल नेमके इथेच फसतात. प्रत्येक गटासाठी पुढच्या गोष्टी तपासा:

– पगार कोणत्या तारखेला खात्यात पडला? मागच्या तीन महिन्यांच्या तारखा लिहा. पुढच्या महिन्याची ७ तारीख ही कायद्याने ठरलेली सर्वसाधारण मर्यादा आहे.
– ठेकेदाराने भविष्यनिर्वाह निधी भरला का? कापल्याचं सांगणं पुरेसं नाही, दहा जणांचं पासबुक फोनवर उघडून पाहा. कामगाराकडून १२ टक्के कापले जातात, तितकाच वाटा मालकाचा.
– दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांचं कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कार्ड तयार आहे का?
– साप्ताहिक सुटी खरोखर मिळते का, की कागदावर सुटी आणि प्रत्यक्षात ‘जरा येऊन जा’?
– हातमोजे, बूट, रेनकोट, झाडू शेवटचे कधी मिळाले? हातगाडीचं चाक, गाडीचं हायड्रॉलिक, वॉल्व्हची चावी चालू स्थितीत आहे का?
– महिला कर्मचाऱ्यांना बीटच्या (नेमून दिलेल्या भागाच्या) आसपास वापरता येईल असं स्वच्छतागृह कुठे आहे?

ठेकेदाराच्या माणसांचा पगार थकला तर ‘तो ठेकेदाराचा विषय आहे’ असं म्हणता येत नाही. कायद्याने मूळ मालक म्हणून जबाबदारी पालिकेवरही येते, म्हणून बिल मंजूर करताना आधीच्या महिन्याच्या पगाराचा बँकेचा पुरावा मागा.

चेहरा ओळखून हजेरी लावणाऱ्या ॲपकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. पहाटे अंधारात कॅमेरा चेहरा पकडत नाही, नेटवर्क जातं, आणि सहाला आलेल्या माणसाची हजेरी सहा वीसला पडते. पगार कापला गेल्यावर दुरुस्तीचा अधिकार मुख्यालयात कोणाकडे तरी असतो आणि माणूस अर्धा दिवस बुडवून तिथे खेटे घालतो. यावर साधा उपाय असा: हजेरीच्या जागी कागदी नोंद समांतर ठेवा, दरोग्याची (महाराष्ट्रातल्या मुकादमाची) सही घ्या आणि दुरुस्तीची यादी दर शनिवारी झोनमधून एकत्र पाठवा. कोणालाही स्वतःच्या हजेरीसाठी मुख्यालयात जावं लागू नये.

या दोन आठवड्यांत सगळं सुटणार नाही. जे तुमच्या अधिकारात आहे ते लगेच करा. जे नाही, त्याचं पत्र पाठवा आणि पत्राचा आवक क्रमांक हजेरीच्या फळ्यावर लिहा. वर काय मागितलं आणि कधी मागितलं हे डोळ्यांसमोर असलं की ‘साहेब काहीच करत नाहीत’ ही तक्रार निम्मी होते.

निरोप कुठे गळतो ते शोधा

मागच्या महिन्यातले तीन आदेश निवडा: एक नियमित कामाचा, एक तातडीचा, एक धोरण बदलाचा. प्रत्येकाचा प्रवास कागदावर काढा: आयुक्त, अपर आयुक्त, झोनल अधिकारी, मुख्य स्वच्छता निरीक्षक, दरोगा, सफाईमित्र. मग शेवटच्या पायरीवरच्या दहा जणांना वेगवेगळं गाठून तीनच प्रश्न विचारा: काय करायचं होतं, कधीपर्यंत, आणि कशासाठी? उत्तर चुकलं म्हणून कोणाला टोकू नका, नाहीतर पुढचे सगळे ‘हो साहेब, माहीत आहे’ म्हणतील.

बहुतेक ठिकाणी एकच नमुना सापडतो. ‘कशासाठी’ सर्वांत आधी गळतं, कारण प्रत्येक पायरीवरच्या माणसाला ते अनावश्यक वाटतं. त्यानंतर मुदत बदलते: आयुक्तांनी शुक्रवार म्हटलेलं असतं, निरीक्षक स्वतःच्या सोयीसाठी बुधवार सांगतो, दरोगा ‘उद्याच’ म्हणतो. शेवटपर्यंत न गळता पोचते ती एकच गोष्ट: ‘नाही झालं तर पगार कापू’. दहांपैकी सातपेक्षा कमी जणांना तिन्ही उत्तरं देता आली, तर दोष ऐकणाऱ्यांचा नाही, मधल्या साखळीचा आहे असं समजून पुढे जा. सात हा कामापुरता आकडा आहे, त्याला त्याहून अधिक वजन देऊ नका.

दरोग्याबद्दल इथेच सांगितलं पाहिजे. साखळीत सर्वांत जास्त भार त्याच्यावर असतो आणि त्याच्याशी कोणी नीट बोलत नाही. वरून शिव्या, खालून गाऱ्हाणी, हातात एक फोन. त्याला आठवड्यातून एकदा, वीस मिनिटं, एकट्याला बसवून विचारा: कुठे अडलंय, कोणता आदेश पाळता येण्यासारखा नाही, कोणाला मदत हवी? झोनमध्ये आठ दरोगे असतील तर आठवड्याचे जवळपास पावणेतीन तास जातात. बाकी कशासाठी नाही मिळाला, तरी यासाठी वेळ काढाच.

सात मिनिटांची हजेरी

पहाटेची हजेरी ही पालिकेतली एकमेव बैठक जिला सगळे रोज येतात. तीच बहुधा नावं पुकारण्यात आणि ओरडण्यात जाते. नावं घेऊन झाल्यावर सात मिनिटं अशी वापरा:

पहिल्या मिनिटात कालचं काम: काय नीट झालं, काय राहिलं. पुढची दोन मिनिटं आजचा बदल, म्हणजे गाडी बंद, रस्ता खोदलेला, मिरवणूक, पाण्याची वेळ. एक मिनिट कारणाला. दोन मिनिटं त्यांच्या बोलण्यासाठी. शेवटच्या मिनिटात कोणा एकाला ‘आज काय करायचंय ते सांगा बरं’ असं म्हणून निरोप परत ऐका. रोज वेगळ्या माणसाला विचारा, आणि विचारण्यात परीक्षेचा सूर नको.

बोली त्यांचीच वापरा. इंदूरचे लेखी आदेश जड हिंदीत निघतात. गल्लीत माळवी-हिंदी, निमाडी चालते, जुन्या वस्त्यांत मराठीही. दरोग्याने आदेश वाचून दाखवण्यापेक्षा दोन वाक्यांत समजावून सांगावा. वयाने मोठ्या माणसाला अधिकारी अरेतुरे करत असेल, तर बाकीची सगळी पद्धत वाया गेली असं धरा. दादा, ताई, भैया, दीदी, काका, जे त्या वस्तीत चालतं ते वापरा, पण एकेरी नको.

हजेरीत एखाद्याची चूक नाव घेऊन काढायची नाही. सगळ्यांदेखत बोलणी खाल्लेला माणूस दिवसभर तेच घोळवतो आणि पाहणारे पन्नास जण गप्प राहायला शिकतात. मग वॉल्व्ह गळतोय, ड्रेनेजचं पाणी नळाच्या लाइनजवळ साचलंय, अशा वेळीच कळायला हव्या होत्या त्या गोष्टी वरपर्यंत येत नाहीत. पाणीपुरवठ्यात हे गप्प राहणं जिवावर बेतू शकतं. वॉल्व्हमनला गढूळ पाणी सर्वांत आधी दिसतं. ते सांगितल्यावर ‘तूच काहीतरी केलं असशील’ ऐकावं लागतं असा अनुभव असेल, तर तो पुढच्या वेळी सांगणार नाही.

व्हॉट्सॲपचा ग्रुप

दोन ग्रुप करा. एक आदेशांचा, ज्यात फक्त तीन-चार जणांना लिहिता येईल. दुसरा अडचणींचा, सगळ्यांसाठी खुला. एकाच ग्रुपमध्ये सुप्रभात, कामाचे फोटो, आदेश आणि झापझाप एकत्र वाहू लागली की आदेश दिसेनासा होतो. प्रत्येक आदेशात पाच गोष्टी असाव्यात: काय, कुठे, कधीपर्यंत, कशासाठी, अडचण आली तर फोन कोणाला. वाचायला अडचण असणाऱ्यांसाठी त्याच मजकुराचा ४५ सेकंदांच्या आतला आवाजी निरोप टाका. रात्री नऊनंतर फक्त आणीबाणी. पहाटे पाचला उठणाऱ्या माणसाच्या झोपेतून घेतलेला वेळ दुसऱ्या दिवशीच्या कामातून वजा होतो.

उत्तरवही

या सगळ्या पद्धतीतली एकच गोष्ट करायची ठरवली तर ही करा. खालून वर आलेल्या प्रत्येक बोलण्याला ठरलेल्या दिवसांत उत्तर मिळालं पाहिजे. अधिकारी किती छान बोलतो यावर कर्मचाऱ्यांचा विश्वास ठरत नाही, आपण बोललो तर पुढे काही होतं का, यावर ठरतो.

जाड पुठ्ठ्याची, पानांवर क्रमांक असलेली वही घ्या. सहा रकाने आखा: क्रमांक, तारीख, विषय, कोणाकडे दिलं, उत्तराची शेवटची तारीख, दिलेलं उत्तर. नावाचा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. बोलणाऱ्याला क्रमांकाची चिठ्ठी द्या, नाव सांगायचं की नाही हे त्याने ठरवावं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं म्हणणं दरोगा लिहिणार नाही, झोनमधला कारकून लिहील, कारण बरीच गाऱ्हाणी दरोग्याबद्दलच असतात.

मुदती तीन ठेवा. साधनं आणि सुरक्षेचा विषय तीन दिवस. हजेरी, रजा, बीट बदल सात दिवस. पगार, निधी, पदोन्नती असे मुख्यालयावर अवलंबून असलेले विषय पंधरा दिवस. पंधरा दिवसांत काम झालंच पाहिजे असं नाही, उत्तर मिळालं पाहिजे. ‘फाइल लेखा शाखेत आहे, १८ तारखेला पुन्हा विचारणार’ हेही उत्तर आहे. ‘नाही, हे होणार नाही, कारण मंजूर पदच रिकामं नाही’ हेही उत्तर आहे. माणसं नकार पचवतात. तीन महिने ‘बघतो’ ऐकणं त्यांना पचत नाही.

दर सोमवारी मागच्या आठवड्यातली उत्तरं हजेरीच्या जागी वाचून दाखवा, नावं न घेता, पाच मिनिटांत.

ही वही बिघडते ती ठरावीक कारणांनी. पहिल्या दोन आठवड्यांत नोंदींचा पूर येतो, अधिकारी घाबरतो आणि वही कपाटात जाते. पूर आला म्हणजे साचलेलं बाहेर येतंय. एकसारख्या नोंदी एकत्र करून एकच उत्तर द्या. चाळीस नोंदींतून बहुधा सात-आठ विषय निघतात. दुसरं कारण सूडाचं: तक्रार केली आणि आठवड्यात बीट बदललं, असं एकदा जरी घडलं तरी वही संपली. म्हणून नोंद केल्यापासून साठ दिवसांत त्या माणसाची बीट बदलायची असेल तर ती झोनल अधिकाऱ्याच्या सहीनेच, कारण लिहून. ज्यांनी नाव दिलेलं नाही त्यांना हे संरक्षण लावता येत नाही, हे त्यांना चिठ्ठी देतानाच सांगा. तिसरं, लैंगिक छळाची तक्रार या वहीत कधीच घ्यायची नाही. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती असावी लागते. तिच्या अध्यक्षांचं नाव आणि फोन महिलांच्या हजेरीच्या जागी मोठ्या अक्षरात लावा.

चूक सांगताना

अव्राहम क्लुगर आणि ॲन्जेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये कामावरच्या अभिप्रायाच्या ६०७ परिणामांचा आढावा घेतला. सरासरीने अभिप्रायामुळे काम सुधारलं, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा ते आधीपेक्षा खालावलं. अभिप्राय कामावरून सरकून माणसावर गेला की तो निकामी होऊ लागतो. ‘दुकानांच्या मागची नाली काल उचलली गेली नाही’ आणि ‘तू कामचुकार आहेस’ या दोन वाक्यांत हाच फरक आहे.

कारण दाखवा नोटीस काढण्याआधी चार प्रश्न क्रमाने तपासा. त्याला काम सांगितलं गेलं होतं का? ते करायला साधन आणि वेळ होता का? ते करता येतं का, शिकवलं होतं का? हे तिन्ही ‘हो’ असतील तरच चौथा: मग का केलं नाही? नोटिशी बहुतेक वेळा थेट चौथ्यापासून सुरू होतात, आणि सुनावणीत पहिल्या किंवा दुसऱ्या प्रश्नावर पडतात. ४८ तासांच्या आत, एकट्याला, जागेवर नेऊन बोला. आठवड्याने काढलेल्या चुकीचा त्याला संदर्भ लागत नाही. आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर खरोखरच ‘करायचं नव्हतं’ असं निघालं तर कारवाई टाळू नका. एकाचं न केलेलं काम शेजारच्या बीटवाल्याच्या अंगावर पडतं आणि त्याचं समाधान त्यातच संपतं.

टीएल बैठक आणि १८१

मध्य प्रदेशात सोमवारची टीएल बैठक (‘टाइम लिमिट’, म्हणजे मुदतीतल्या कामांचा आढावा) आणि मंगळवारची जनसुनवाई (नागरिकांच्या तक्रारी ऐकण्याची बैठक) यांभोवती अधिकाऱ्यांचा आठवडा फिरतो. सीएम हेल्पलाइन १८१ वरची तक्रार वेळेत सुटली नाही की पायरी चढत वर जाते, आणि प्रलंबित तक्रारींचा आकडा बैठकीत सर्वांसमोर येतो. हा दबाव उपयोगाचा आहे. त्याच्यामुळेच पूर्वी पडून राहणाऱ्या तक्रारी हलल्या. पण आकडा हेच लक्ष्य झालं की आकडा सुधारतो आणि नाली तुंबलेलीच राहते: कर्मचारी दुरुस्तीपेक्षा तक्रारदाराची मनधरणी करण्यात दुपार घालवतो. हे त्याला आवडतं म्हणून तो करत नाही. त्याला बैठकीतून तेवढंच ऐकू आलेलं असतं.

म्हणून ‘किती बंद झाल्या’ याच्या जोडीला ‘किती पुन्हा उघडल्या’ हेही विचारा. बंद झालेल्या प्रत्येक ५० तक्रारींतल्या कोणत्याही ५ निवडून झोनल अधिकाऱ्याने स्वतः फोन करावा. त्याच पत्त्यावरून ३० दिवसांत तीच तक्रार आली तर ती पुन्हा उघडली असं धरावं. आणि ज्या तक्रारी खरंच झोनच्या हातात नाहीत, जसं की मुख्य लाइन बदलणं, त्या वेगळ्या यादीत ठेवा. हातात नसलेल्या गोष्टीसाठी दर सोमवारी बोलणी खाणारा उपअभियंता हातातल्या गोष्टींतही लक्ष घालेनासा होतो.

पार्षदांचं (नगरसेवकांचं) थेट सांगणं हा याच्याच शेजारचा प्रश्न. इंदुरात ८५ वॉर्ड आहेत आणि प्रत्येक लोकप्रतिनिधीला आपल्या वॉर्डात काम दिसायला हवं असतं, ते रास्तही आहे. पण दरोग्याला एका सकाळी पार्षद, निरीक्षक आणि आमदारांच्या कार्यालयाचे तीन वेगळे निरोप मिळाले तर तो सर्वांत मोठ्या आवाजाचं काम करतो आणि ठरलेली बीट राहते. वॉर्डाच्या सूचना घ्यायला एकच माणूस नेमा, सूचना वहीत लिहा, ‘कधी होईल’ हे पार्षदांना त्याच दिवशी कळवा. तारीख मिळाली की बहुतेक पार्षद थांबतात.

कामाचा अर्थ आणि कौतुक

१९१७ मध्ये पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबारासाठी इंदूरचा अभ्यास करत होते. शहर प्लेगने त्रासलेलं होतं. त्या दिवाळीला त्यांनी एक मिरवणूक काढायला लावली आणि आधीच जाहीर केलं, की ज्या रस्त्यावरची घरं सर्वांत जास्त झाडून-दुरुस्त होतील त्या रस्त्यावरून ती जाईल. मिरवणुकीत सफाई कामगार स्वच्छ कपड्यांत, नव्या पगड्या बांधून आणि झाडूंना फुलांच्या माळा घालून चालले. पुढच्या वर्षी, १९१८ मध्ये, त्यांनी दरबाराला शहराचा सविस्तर अहवाल दिला. सन्मान करायचा तर त्यात काय असावं लागतं ते या मिरवणुकीत होतं: निकष आधी सांगितलेला, सगळ्यांना डोळ्यांनी तपासता येणारा, आणि सन्मान स्वतःच्या शहरातल्या लोकांसमोर.

आजचे सत्कार या कसोटीवर लावून पाहा. ‘महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी’ कोणी आणि कशावरून निवडला हे कळत नसेल तर एक खूश होतो आणि एकोणपन्नास नाराज. निकष महिन्याच्या पहिल्या तारखेला फळ्यावर लिहा, शक्य तर तो पूर्ण बीटच्या तुकडीसाठी ठेवा. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) संपल्यावर काही तासांत राजवाड्याचा परिसर धुऊन निघतो. ते काम तुकडीचं असतं, तेव्हा शाबासकीही तुकडीला.

रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी १९७६ मध्ये काम समाधान देणारं कशामुळे होतं याची पाच अंगं मांडली: कौशल्यांची विविधता, काम पूर्ण आपलं असणं, त्याचं महत्त्व कळणं, स्वतः ठरवण्याची मुभा आणि परिणाम दिसणं. झोनमध्ये यातली तीन सहज साधतात. बीट वारंवार बदलू नका, म्हणजे ‘माझी गल्ली’ राहील. बीटमध्ये आधी कोणता भाग करायचा हे त्या माणसाला ठरवू द्या. आणि वीस-वीस जणांच्या गटाने त्यांना देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पावर न्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाची क्षमता दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्याची आहे आणि तिथल्या गॅसवर शहराच्या बसही धावतात. आपण दारात परत केलेली मिसळलेली पिशवी पुढे कुठे अडली असती हे तिथे दिसतं. ॲडम ग्रँट यांनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात निधी गोळा करणाऱ्यांना त्याच निधीतून शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी फक्त पाच मिनिटं भेटवलं. महिन्याभरानंतर त्यांचा फोनवर जाणारा वेळ दुपटीहून जास्त झाला होता.

मोजायचं कसं

समाधानासाठी पॉल स्पेक्टर यांची १९८५ ची प्रश्नावली सोयीची आहे: ९ विभाग, प्रत्येकी ४ प्रश्न, एकूण ३६, उत्तरं १ ते ६. छत्तीस प्रश्न हजेरीच्या जागी जमत नाहीत, तेव्हा पर्यवेक्षण, कामाची परिस्थिती आणि संवाद या तीन विभागांचे १२ घ्या. काही प्रश्न उलट अर्थाचे आहेत. त्यांचे गुण ७ मधून वजा करायचे असतात. हे विसरलं की सगळा अहवाल खोटा पडतो, आणि विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत ही चूक फार आढळते. भाषांतर एकाकडून हिंदीत, दुसऱ्याकडून परत इंग्रजीत करून ताडून पाहा.

२४० कर्मचारी आणि ५ टक्के चूक धरली तर यामाने यांच्या सूत्राने २४० भागिले १.६ (१ + २४० × ०.०५ × ०.०५), म्हणजे १५० जणांचा नमुना लागतो. तो चारही गटांतून त्यांच्या प्रमाणात निवडा. प्रश्न वाचून दाखवणारा माणूस दुसऱ्या झोनचा असावा. दहापेक्षा कमी माणसांच्या गटाचा निकाल वेगळा छापू नका, कोणी काय म्हटलं ते ओळखू येतं. विभागाची अंतर्गत सुसंगती (एकाच विभागाच्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी जुळतात का), म्हणजे क्रॉनबॅकचा अल्फा, ०.७० च्या खाली असेल तर त्या विभागावर निष्कर्ष काढू नका.

कामाचा दर्जा मात्र त्याच माणसाला विचारायचा नाही. एकाच बैठकीत ‘साहेब कसे बोलतात’, ‘तुम्ही खूश आहात का’ आणि ‘तुमचं काम कसं आहे’ विचारलं की तिन्ही उत्तरं त्या दिवसाच्या मनःस्थितीने रंगतात आणि संबंध फुगून दिसतो. दर्जा नोंदींतून घ्या: विनासूचना गैरहजेरी, सुटलेल्या गल्ल्या, पुन्हा उघडलेल्या तक्रारी, पाणी सोडण्याच्या वेळेतला फरक.

जुलैची तुलना जानेवारीशी करू नका. पावसाळ्यात तक्रारी वाढतात, स्वच्छता सर्वेक्षणाच्या दिवसांत सगळेच झोन चकाचक असतात. त्यासाठी तुमच्यासारखाच एक शेजारचा झोन तुलनेला घ्या आणि दोन्हींचे आधीचे चार व नंतरचे बारा आठवडे नोंदवा. समजा तुमच्याकडे दर १०० तक्रारींत पुन्हा उघडणाऱ्या २२ वरून १४ वर आल्या आणि शेजारी २१ वरून १९ वर, तर तुमच्या प्रयत्नाच्या वाट्याला आठ नव्हे, सहाच धरायच्या. त्यातही उत्तरवही नीट चाललेल्या आणि न चाललेल्या दरोग्यांचे आकडे वेगळे काढून बघा, कारण झोनची सरासरी हा फरक झाकून टाकते.

राहता राहिला बदलीचा प्रश्न. अधिकारी बदलतो आणि वही बंद पडते. नव्या साहेबांना ती आधीच्यांची खासगी पद्धत वाटते. चार्ज देताना गाड्या, चाव्या आणि प्रलंबित फाइलींच्या यादीतच उत्तरवहीची ओळ घाला: शेवटचा क्रमांक, उत्तर बाकी असलेले क्रमांक आणि त्यांच्या तारखा. दोघांच्या सह्या झाल्या की त्याच आठवड्यातल्या सोमवारी नव्या अधिकाऱ्यांनी स्वतः बाकीचे क्रमांक हजेरीत वाचावेत आणि त्या यादीची एक प्रत झोनच्या आवक-जावक शाखेत जमा करावी.